मौनीबाबाची तोंडी परीक्षा

देवानं तिला डोकं भरभरून दिलं, अक्षर मोत्यासारखं दिलं, आणि जीभ द्यायची वेळ आली तेव्हा बहुधा त्याला दुसरं काम निघालं. लेखी परीक्षेत कायम पहिल्या पाचांत असणारी ही मुलगी. पण कोणी साधा प्रश्न विचारला तरी ती आधी घसा खाकरायची, मग ओठ ओले करायची, आणि तोवर विचारणारा कंटाळून पुढे गेलेला असायचा. मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलनं पहिल्याच आठवड्यात तिला 'मौनीबाबा' करून टाकलं. पुढे त्यातला बाबा गळाला आणि नुसती मौनी उरली.

दोष तिचा एकटीचा नव्हता. घरात बोलण्याचं खातं ताईकडे होतं. पाहुण्यांनी "कितवीत गं तू?" विचारलं की "सातवीत" असं ताईच सांगून मोकळी. डॉक्टरांनी "कुठं दुखतंय?" म्हटलं की तेही ताईच सांगायची, आणि गंमत म्हणजे बरोबर सांगायची. सगळं असं परस्पर भागत असेल तर माणूस तोंड उघडेल कशाला?

हॉस्टेलमध्ये खोल्या हजेरी क्रमांकानं मिळाल्या. मौनीचा क्रमांक नऊ. आठ क्रमांकाची मुलगी तिची खोलीभगिनी झाली, आणि ती होती भोंगा. हे नावही हॉस्टेलनंच दिलेलं. भोंग्याला मनात वाचता येत नसे. पहाटे पाचला उठायचं, पुस्तक छातीशी धरायचं, दोन खाटांच्या मधल्या चार पावलांच्या जागेत येरझाऱ्या घालायच्या आणि शरीरातलं प्रत्येक हाड, प्रत्येक नस साऱ्या मजल्याला ऐकवायची, हा तिचा अभ्यास. शेजारच्या खोलीतल्या मुली भिंतीवर चप्पल आपटायच्या. मौनी पांघरूण डोक्यावरून घ्यायची आणि मनातल्या मनात तिला शिव्या मोजायची.

बरं, वाचायचं तर नीट तरी वाचावं! पण पुस्तक मिटून म्हणून दाखवायची वेळ आली की भोंगा हटकून घसरायची.

"मनगट लटकतं, कारण अल्नर नर्व्ह तुटलेली असते..."

"रेडियल," पांघरुणाखालून आवाज यायचा.

"हां, रेडियल. आणि अल्नर तुटली की अंगठा..."

"करंगळी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट."

चुकीचं ऐकलं की मौनीला राहवत नसे. दातात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, ते काढून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही. भोंगाही बिनधास्त चुकायची आणि पांघरुणाकडे न बघता दुरुस्ती करून पुढे जायची. वर्षभर रोज सकाळी हा कार्यक्रम चालला. त्याला दोघींपैकी कोणीच अभ्यास म्हणत नव्हतं.

खरी भीती होती ती शरीररचनेच्या प्रॅक्टिकलची. मार्क शंभर, पास व्हायला पन्नास. त्यातले साठ तोंडीचे आणि चाळीस स्पॉटिंगचे. स्पॉटिंगला मुलं 'ओळखपरेड' म्हणत. वीस टेबलांवर वीस अवयव मांडलेले, प्रत्येकात टाचणीला लावलेली छोटी झेंडी. झेंडी जिथं टोचली आहे तो भाग ओळखायचा आणि कागदावर लिहायचा. लिहायचा, बोलायचा नाही. म्हणून मौनीला ओळखपरेड म्हणजे माहेर वाटायचं. सहामाहीला तिला तिथं चाळीसपैकी अडतीस होते. तोंडीत मात्र साठपैकी नऊ. तेही शरीररचनेच्या मॅडमनी "निदान बोट तरी दाखव" म्हटल्यावर तिनं बोट दाखवलं, त्याचे. सत्तेचाळीसवर गाडी अडकली आणि ती नापास झाली.

नियम असा होता की सहामाहीत पास असलेला वार्षिकला आपटला तर त्याला सहा आठवड्यांनी फेरपरीक्षा. दोन्हीकडे आपटला त्याला काही नाही. त्यानं वर्षभर थांबायचं आणि मागून येणाऱ्या मुलांबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मौनीनं हिशेब मांडून ठेवला होता, ओळखपरेडीत चाळीस आणि तोंडीत दहा. एवढं बोट तरी दाखवता येईलच.

परीक्षेच्या दिवशी सकाळी वीस जणांना वीस टेबलांपाशी उभं केलं. ज्याचा जो क्रमांक, त्याचं ते टेबल. घंटा सांभाळणारे काका दारातून ओरडले, "ज्या टेबलावर उभे आहात, त्याच नंबरच्या रकान्यात लिहा रे! दरवर्षी एक तरी शहाणा गोंधळ घालतो." मौनीनं हे ऐकलं. पण तिच्यासमोर नऊ नंबरच्या टेबलावर मूत्रपिंड होतं, झेंडी नेमकी तिच्या आवडीच्या जागी होती, आणि आनंदानं तिचं भान सुटलं. घंटा झाली. तिनं लिहिलं. घंटा झाली, ती दहाव्या टेबलाशी गेली, लिहिलं. विसाव्यानंतर पहिलं टेबल, मग दुसरं, असं करत आठव्याला तिची फेरी संपली. एकही उत्तर अडलं नाही. कागद देताना ती चक्क हसली, आणि काकांनी दोनदा वळून पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात भोंगा वाटच बघत होती. "विसाव्या टेबलावरचं काही सुचलंच नाही गं मला. कोराच सोडला रकाना. तूही कोराच सोडला असशील विसावा."

"नाही, पित्ताशय लिहिलं," मौनी म्हणाली.

"विसाव्यात? अगं, विसाव्यावर कान होता! पित्ताशय आठव्यावर. मी तर सुरुवातच तिथून केली."

मौनीच्या तोंडचं पाणी पळालं. कागदाचा विसावा रकाना तिच्या डोळ्यांपुढे आला, त्यात तिच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं पित्ताशय. आणि सगळ्यात वर, पहिल्या रकान्यात, मूत्रपिंड. नवव्या टेबलाचं उत्तर तिनं पहिल्यात लिहिलं होतं, दहाव्याचं दुसऱ्यात, आणि तसंच शेवटपर्यंत. सगळी उत्तरं बरोबर होती आणि सगळी दुसऱ्याच्या जागेवर.

भोंगा धावत काकांकडे गेली. पाकीट बंद झालं होतं, वर सही झाली होती. काका हळहळले, पण पाकीट काही उघडलं नाही. ती परत येऊन मौनीशेजारी जमिनीवर बसली. "म्हणजे तिथं शून्य," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलली असेल. "आता तोंडीत साठपैकी पन्नास काढायचे."

"मी?"

"मग कोण, मी?"

जेवणाच्या सुट्टीत दोघींनी डबा उघडलाच नाही. भोंगा तिला प्रश्न विचारत बसली. "फुप्फुसाचे भाग किती?" मौनीनं घसा खाकरला. "डाव्याचे किती, उजव्याचे किती?" मौनीनं ओठ ओले केले. उत्तर डोक्यात लख्ख होतं, पण प्रश्नचिन्ह दिसलं की तिची दातखीळ बसायची, मग समोर परीक्षक असो की मैत्रीण. शेवटी भोंगा वैतागली, "जाऊ दे बाई, दोन्हीकडे तीन-तीनच असतात."

"डावीकडे दोन. तिथं हृदयाला जागा लागते."

भोंगा तिच्याकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग आतून "आठ नंबर!" अशी हाक आली आणि ती उठून गेली.

पंधरा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा भोंग्यानं मौनीच्या नजरेला नजर दिली नाही. नुसता तिचा खांदा दाबला आणि ती निघून गेली. गेली वाटतं हीपण, असं मौनीच्या मनात आलं. तेवढ्यात "नऊ नंबर!" झालं.

आत टेबलामागे मॅडम बसल्या होत्या. मुलं त्यांना करवत म्हणत, कारण त्या एकदा सुरू झाल्या की हाडापर्यंत जाऊनच थांबत. शेजारी बाहेरून आलेले परीक्षक होते, गोल चेहऱ्याचे, चहाचा कप हातात. मॅडमनी मौनीचा सकाळचा कागद पुढे सरकवला. त्यावर वीसच्या वीस लाल फुल्या होत्या.

"तीस वर्षांत असा कागद पाहिला नाही," मॅडम म्हणाल्या. "इतकं शिस्तीत चुकायलासुद्धा अक्कल लागते. एकही उत्तर चुकलेलं नाही आणि एकही जागेवर नाही. पण मी याला मार्क देणार नाही. बरोबर औषध शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दिलं, तर ते चुकीचंच औषध असतं. कागदावर शिकलीस, हे नशीब समज."

मौनीनं मान हलवली. वाईट वाटलं, पण अन्याय वाटला नाही.

मॅडमनी दंडाचं हाड उचललं. "हे कोणत्या बाजूचं?"

मौनीनं घसा खाकरला. ओठ ओले केले. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण त्या क्षणी तिची जीभ त्या टेबलावरच्या हाडापेक्षा कडक झाली होती. छताचा पंखा कुरकुरत होता. बाहेरच्या परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. ताई आता येणार नव्हती. वर्ष गेलं, हे मौनीला समोर दिसत होतं.

मॅडमनी हाड खाली ठेवलं. क्षणभर विचार केला. मग ते पुन्हा उचलून अगदी वेगळ्याच, गप्पा मारल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "असो. हे उजव्या दंडाचं हाड आहे."

बाहेरच्या परीक्षकांचा कप ओठांपाशी थांबला. "अहो मॅडम, ते तर..."

मॅडमनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. कप परत बशीत गेला.

"डाव्या," मौनी पुटपुटली.

मॅडमनी ऐकलंच नाही. "आणि याच्या मागच्या खोबणीतून अल्नर नर्व्ह जाते."

"रेडियल!" आता आवाज खोलीभर ऐकू आला. "अल्नर खाली कोपराशी जाते, आतल्या उंचवट्यामागून. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, ती. आणि हाड डावंच आहे मॅडम. हा गोळा आतल्या बाजूला बघतो, हा खालचा खड्डा मागे येतो. तसं धरून बघा, उजव्या हाताला ते बसणारच नाही."

"ही रेडियल तुटली की माणसाला खांदा उचलता येत नाही," मॅडम सांगत राहिल्या.

"मनगट! मनगट उचलता येत नाही. हात असा लटकतो." ती उभीच राहिली आणि हात लटकावून दाखवला. "खांदा उचलायची नस वेगळी, ती इथं वर हाडाच्या मानेला वळसा घालते."

मॅडमनी तबकातलं हृदय पुढे ओढलं. "हृदयाचं एक बरं आहे. आत रक्तच रक्त, त्यामुळे त्याला स्वतःसाठी बाहेरून काही लागत नाही. आतल्या आत भागतं."

"अजिबात भागत नाही!" मौनी कडाडली. "असं कसं म्हणता तुम्ही?" आणि मग आपण कोणाशी बोलतोय हे लक्षात येऊन तिचे कान तापले. पण चूक अजून टेबलावर तशीच पडली होती, ती उचलल्याशिवाय गप्प बसणं शक्य नव्हतं. महाधमनी जिथं सुरू होते तिथूनच हृदयाच्या स्वतःच्या दोन वाहिन्या कशा निघतात, कुठून वळतात, कुठली तुंबली तर कुठला भाग मरतो, हे सगळं तिनं बोट फिरवत सांगितलं. पंधरा मिनिटं संपत आली. बाहेरच्या परीक्षकांनाही आता राहवेना. त्यांनी पुढे सरून मोठ्या ऐटीत सांगितलं, "आणि यकृत असतं डावीकडे." हे इतकं बाळबोध होतं की मॅडमसुद्धा हसल्या, आणि मौनीनं त्यांची चूक शक्य तितक्या आदरानं दुरुस्त केली.

"जा आता," मॅडम म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेव. पेशंट प्रश्नपत्रिका घेऊन येत नाहीत. तेही असंच काहीबाही सांगत येतात. तेव्हा अशीच बोल."

आठवड्यानं निकाल लागला. नऊ नंबरपुढे ओळखपरेड शून्य, तोंडी बावन्न, पास. मौनीनं चार वेळा वाचलं, एकदा शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं. मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली. आठ नंबर, एकूण अठ्ठेचाळीस, फेरपरीक्षा.

ती तशीच मॅडमच्या खोलीत गेली. वाटेत तिनं वाक्य जुळवून ठेवलं होतं. "मॅडम, तुम्ही मला त्या दिवशी वाचवलंत. मी तुमची फार आभारी आहे." एवढं एका दमात म्हणून झालं.

मॅडमनी चष्मा काढला. "पुन्हा चुकीच्या रकान्यात लिहितेस," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" मौनीनं विचारलं.

"मी तुला एक मार्कही जास्त दिलेला नाही. जे बोललीस त्याचे दिले. पण तुला बोलतं कसं करायचं, हे मला कुठं ठाऊक होतं? तुझ्या आधी आठ नंबरवाली आली. तिचे अठ्ठेचाळीस होत होते. मी म्हटलं, आणखी एक प्रश्न विचारते, आलं तर सुटशील. तर म्हणाली, मॅडम, तो प्रश्न राहू द्या, तेवढ्या वेळात मला एक सांगू द्या. मी म्हटलं, इथं शिफारस चालत नाही. म्हणाली, मार्क मागतच नाही. आता नऊ नंबर येईल, तिला काही विचारू नका, फक्त चुकीचं सांगा. म्हणाली, वर्षभर रोज सकाळी तिनं माझी चूक सुधारली आहे, मला जे काही येतं ते तिच्यामुळे येतं." मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "तोवर तिची वेळ संपली. नियम म्हणजे नियम, मलाही पुढे काही करता येईना."

मौनी खोलीवर आली तेव्हा भोंगा कपाट आवरत होती. निकाल तिलाही कळला होता. चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं.

"शेवटचा प्रश्न का घेतला नाहीस?"

भोंग्याच्या हातातला टॉवेल थांबला. "करवतीनं सांगितलं वाटतं. अगं, मला कुठं आलं असतं त्याचं उत्तर!"

"आलं असतं."

"बरं, आलं असतं. मग? मला फेरपरीक्षा होती, तुला नव्हती. दोन मार्कांत एक अख्खं वर्ष मिळत होतं. इतका सोपा प्रश्न मला वर्षभरात पडला नव्हता."

मौनीनं घसा खाकरला नाही, ओठही ओले केले नाहीत. "मी तुला रोज सकाळी शिव्या घातल्या," ती म्हणाली. "देवाची शपथ, रोज. तू बदलून दुसरी कोणी मिळावी म्हणून मी वॉर्डनला चिठ्ठीसुद्धा लिहिली होती, फक्त द्यायचं धाडस झालं नाही. आणि तू हे केलंस. माझं हे वर्ष तू दिलेलं आहे, मी जन्मात विसरणार नाही. मी खूप, खूप आभारी आहे तुझी. असं कोणाला कधी म्हणाले नाही म्हणून नीट जमत नाहीये, पण आहे."

भोंगा रडायला लागली. तिचं रडणंही तिच्यासारखंच, मजलाभर ऐकू जाणारं. दारं उघडली, चार-पाच मुली काय झालं म्हणून धावत आल्या. "काही नाही, चिठ्ठी लिहिली होती म्हणे हिनं!" असं भोंगा हुंदक्यांतून सांगत होती आणि कोणालाच काही समजत नव्हतं.

संध्याकाळी मौनीनं घरी फोन लावला. तो अर्थातच ताईनं उचलला. "पास ना? किती मिळाले? जेवलीस का? बाबा परवा येतायत तुला आणायला, सामान बांधून ठेव, आणि ती निळी..."

"ताई, जरा थांब. मला बोलायचंय. बाबांना दे."

पलीकडे इतकी शांतता पसरली की फोन कट झाला असं मौनीला वाटलं. मग बाबांचा आवाज आला. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. दिवसातून दहा-बारा वाक्यं बोलत, त्यातलीही निम्मी यंत्राशी. मौनीनं त्यांना सगळं सांगितलं. मूत्रपिंडापासून अठ्ठेचाळीसपर्यंत, काही न गाळता. आणि शेवटी म्हणाली, "म्हणून बाबा, मी सुट्टीत येत नाही. तिची परीक्षा होईपर्यंत सहा आठवडे इथंच राहते. तुम्ही रजा काढलीय, माहितेय मला. रागावलात का?"



"तीस वर्षं मी अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढतोय," बाबा म्हणाले. "दार उघडलं की माणूस जो पळतो, तो मागे वळूनही बघत नाही. त्याचा राग येत नाही, बिचारा घाबरलेला असतो. तू पळाली नाहीस. राहा तिथंच. रजा काढलीय, तर परवा मी येतो, आणि तुम्हा दोघींना भेटून परत जातो."